विश्लेषण : शिरपूरच्या भट्टीतल्या नानकटाईत ‘चीन’ कुठून आला?

शिरपुरात ‘चायनीज’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ती संध्याकाळी लागणारी नूडल्स-मंचुरियनची गाडी. चिनी बेकरी हा प्रकार खानदेशाला ठाऊक नाही. हाँगकाँगमध्ये किंवा न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये थोड्या पैशांत गोड बन आणि पेस्ट्री मिळतात, तशी दुकाने इथे असण्याचे कारणही नाही. पण शिरपूरच्या कुठल्याही साध्या बेकरीत काचेच्या बरणीकडे पाहिले, तर खारी, टोस्ट, बटर यांच्या शेजारी एक पदार्थ असा असतो की ज्याच्या नावातच चीन दडलेला आहे. तो पदार्थ म्हणजे नानकटाई. दिवाळीच्या आधी घरचे तूप, साखर आणि मैदा घेऊन बेकरीत जायचे आणि डबाभर नानकटाई भाजून आणायची, ही पद्धत खानदेशातल्या अनेक घरांत आजही आहे. बिस्किटांवरचा जीएसटी, पामतेलावरचे आयातशुल्क आणि भट्टीचे इंधन या तिन्ही गोष्टी गेल्या दोन वर्षांत बदलल्या किंवा चर्चेत आल्या. त्याचा परिणाम या डब्यावर काय होतो?

नावाचा चीनशी संबंध काय?

‘नान’ म्हणजे फारसीत रोटी किंवा पाव, हे सर्वांना माहीत आहे. अडचण दुसऱ्या शब्दाची आहे. मराठीत ‘कटाई’, हिंदीत ‘खटाई’. पण या पदार्थात आंबट काहीच नसते आणि काही कापावेही लागत नाही. मूळ शब्द ‘खताई’ असा आहे. खताई म्हणजे ‘खता’ किंवा ‘खिताई’ देशाचा, म्हणजेच उत्तर चीनचा. दहाव्या ते बाराव्या शतकात उत्तर चीनवर खितान नावाच्या लोकांचे राज्य होते. मध्य आशियातून ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांनी त्यांच्या नावावरून साऱ्या प्रदेशालाच ‘खिताई’ म्हणायला सुरुवात केली. रशियन भाषेत आजही चीनला ‘किताय’ म्हणतात. युरोपात त्याचेच ‘कॅथे’ झाले. हाँगकाँगच्या ‘कॅथे पॅसिफिक’ या विमान कंपनीच्या नावात तोच शब्द आहे. तेव्हा नानखताई म्हणजे ‘चीनची रोटी’. अफगाणिस्तानात अशाच खुसखुशीत बिस्किटाला ‘कुलचा-ए-खताई’ म्हणतात, त्यामुळे हा अर्थ आणखी पक्का होतो.

दुसरी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ‘खट’ म्हणजे सहा आणि नानखटाई म्हणजे सहा जिन्नसांची रोटी, अशी ती आहे. ती ऐकायला गोड असली तरी जोडून तयार केल्यासारखी वाटते. फारसी ‘नान’ला संस्कृत ‘षट्’ चिकटवायचा आणि मग मोजून सहा जिन्नस शोधायचे, हा उलटा हिशेब आहे.

गंमत अशी, की गाडीवरचे मंचुरियन नावाने चिनी असले तरी त्याचा जन्म मुंबईतला. नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात ते केले, असे सांगितले जाते. नानकटाईचे नेमके उलट झाले. तिला कोणी चिनी मानत नाही आणि चीन मात्र तिच्या नावात शेकडो वर्षे बसून आहे.

सुरतेची कथा कितपत खरी?

आजच्या रूपातल्या नानकटाईचे श्रेय सुरतेला दिले जाते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डचांनी सुरतेत वखार घातली. त्यांच्यासाठी पाव भाजण्याच्या भट्ट्या निघाल्या आणि तिथे स्थानिक पारशी माणसे कामाला लागली. डच गेल्यावर भट्टी फरामजी पेस्तनजी दोतीवाला यांच्याकडे आली. पाव आंबवण्यासाठी ताडी वापरली जाई, त्यामुळे इतर गिऱ्हाईक तो घ्यायला कचरत असे. न खपलेला पाव वाळवून विकला तर तो लोकांना आवडला. पुढे ताडी आणि अंडी गाळून, तूप-साखर-मैद्याची नानखटाई आली, अशी ही कथा आहे.

कथेचा गाभा पटण्यासारखा आहे, पण सालांचा मेळ बसत नाही. दोतीवाला बेकरी आपले स्थापनेचे साल १८६१ सांगते. डचांनी सुरत इंग्रजांच्या हवाली केली ती १८२५ मध्ये, म्हणजे त्याआधी ३६ वर्षे. तेव्हा भट्टी हातोहात मिळाली, हा भाग घराण्याच्या आठवणीतून थोडा आखडला गेला असावा. शिवाय ‘खताई’ हे नाव फारसी जगात सुरतेच्या बाहेरही असल्याने पदार्थ तिथे शून्यातून जन्मला असे म्हणता येणार नाही. सुरतेने केले ते वेगळेच आणि जास्त महत्त्वाचे. अंडे, ताडी आणि यीस्ट तिन्ही काढून टाकल्याने ज्या घरात बेकरीचा पाव चालत नसे, त्या घरातही नानकटाई जाऊ लागली. उपासाला नाही, पण फराळाच्या ताटात तिला जागा मिळाली ती यामुळे.

सुरतेहून शिरपूरकडे

शिरपूर तालुक्याच्या दक्षिणेने वाहणारी तापी पुढे सुरतेलाच समुद्राला मिळते. मध्य प्रदेशातल्या मुलताईपासून खंबातच्या आखातापर्यंत तिचा प्रवास ७२४ किलोमीटरचा. खानदेशातला कापूस याच खोऱ्यातून सुरतेच्या बाजाराकडे जात असे. १९०० च्या सुमारास सुरत ते अमळनेर ही तापी खोरे रेल्वे झाली आणि हा संबंध रुळांवर आला. शिरपूरला स्वतःचे रेल्वे स्थानक आजही नाही. गाडी गाठायची तर नरडाण्याला जावे लागते. तरीही लग्नाचा बस्ता बांधायला सुरत, रोजगाराला सुरत, हे इथल्या घराघरांतले आहे. उधना, लिंबायत या भागांत खानदेशी कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि तिथे अहिराणी रस्त्यावर ऐकू येते. सुट्टीत गावी येणाऱ्याच्या पिशवीत सुरतेचा नानखटाईचा डबा असणे हे मुंबईकराच्या पिशवीतल्या हलव्यासारखेच आहे.

चिनी बेकरीत काय मिळते?

इथे एक वळण घेऊन खऱ्या चिनी बेकरीकडे पाहायला हवे, कारण तिची आणि शिरपूरच्या बेकरीची ठेवण आश्चर्य वाटावे इतकी सारखी आहे. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर भट्टीत भाजलेला पाव रुळला तो बाहेरून आलेल्यांमुळे. मकावमध्ये पोर्तुगीज १५५७ मध्ये स्थिरावले, पुढे हाँगकाँगमध्ये इंग्रज आले. आपल्याकडे पोर्तुगीज गोव्यात १५१० पासून होते आणि ‘पाव’ हा शब्दच त्यांचा. भात किंवा भाकरी खाणाऱ्या दोन्ही समाजांनी परक्यांचा पाव घेतला आणि त्याला चहाबरोबर खायचा स्वस्त, मऊ, गोडसर खाऊ करून टाकले.

हाँगकाँगचा सर्वांत प्रसिद्ध बन आहे ‘बोलो बाओ’. बोलो म्हणजे अननस, पण त्यात अननस नसतो. साध्या गोड बनावर मैदा, साखर, अंडे आणि चरबी यांचे एक खुसखुशीत पीठ थापून भाजतात. त्याला भेगा पडून अननसाच्या सालीसारखी नक्षी उमटते. म्हणजे शिरपूरच्या बनावर नानकटाईचे कच्चे पीठ थापून तो भट्टीत सारावा, तसा हा प्रकार. मध्ये लोण्याचा जाड तुकडा घालून तो गरम खातात, अगदी इराण्याच्या बनमस्क्यासारखा. हाँगकाँगने २०१४ मध्ये हा बन करण्याच्या कलेची नोंद आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली.

नानकटाईची खरी जुळी बहीण मात्र ‘ताओसू’. मैदा, साखर, चरबी, वर भेगा, हातात घेताच चुरा. चायनाटाउनच्या बेकऱ्यांत ती बरणीतून किंवा पाकिटातून विकली जाते. परंपरेने तिच्यात डुकराची चरबी असते, आपल्याकडे तिथे तूप. फुगवण्यासाठी तिथले बेकरीवाले अमोनियम बायकार्बोनेट वापरतात आणि इथलेही. बेकरीत त्याला नुसते ‘अमोनिया’ म्हणतात. भट्टीच्या उष्णतेने त्याचा पूर्ण वायू होतो. नानकटाई पातळ आणि कोरडी असल्याने तो निघून जातो आणि मागे वास उरत नाही. जाड, ओलसर केकमध्ये तो अडकून राहतो, म्हणून केकला ते चालत नाही. वायूने पीठ वर उचलले जात असतानाच वरचा थर वाळतो आणि तडकतो, त्याच या भेगा. दोन पदार्थ इतके सारखे असले म्हणून एक दुसऱ्यापासूनच आला, असे त्यावरून सिद्ध होत नाही. पीठ, साखर आणि चरबी एकत्र मळली की कुठल्याही देशात साधारण असेच काही तयार होते. नाव मात्र योगायोगाने पडत नाही.

इतक्या कमी पैशांत परवडते कसे?

चायनाटाउनच्या बेकरीचे गणित साधे असते. एकच गोड पीठ मळायचे आणि त्यातून वीस प्रकारचे बन काढायचे. दुकान लहान, गिऱ्हाइकाने स्वतः ट्रे आणि चिमटा घेऊन माल उचलायचा, टेबल-खुर्चीचा थाट नाही. रोज येणारे म्हातारे गिऱ्हाईक हाच धंद्याचा कणा.

शिरपूरसारख्या गावातली बेकरी हेच गणित भट्टीच्या भाषेत मांडते. विटांची भट्टी एकदा तापली की तिच्या जाड भिंती आणि फरशी तासन्‌तास धग धरून ठेवतात. लाकूड एकदाच जळते, पण उतरत्या उष्णतेच्या प्रत्येक टप्प्यावर वेगळा माल आत जातो. सर्वांत कडक आचेला पावाची लादी आणि बन. आच उतरली की खारी. त्यानंतर नानकटाई, जिला मंद, सारखी धग लागते. अगदी शेवटी टोस्ट आणि बटर, ज्यांना भाजण्यापेक्षा वाळवणेच जास्त हवे असते. टोस्ट म्हणजे दुसऱ्यांदा भाजलेला पाव. तो आठवडे टिकतो, त्यामुळे पाव शिळा होण्याच्या धोक्यावर तो बेकरीचा जुना विमा आहे. गॅसच्या किंवा विजेच्या ओव्हनमध्ये आच पाहिजे तेव्हा पाहिजे तेवढी मिळते, पण ही फुकटची उरलेली धग मिळत नाही. नानकटाई स्वस्त असण्याचे एक मोठे कारण हेच, की ती पावासाठी जाळलेल्या लाकडावर भाजून निघते.

‘सामान आपले, भट्टी बेकरीची’

दिवाळीच्या आधीचे दहा-पंधरा दिवस या बेकऱ्यांचे रूप बदलते. गिऱ्हाईक माल विकत घ्यायला नाही, तर करून घ्यायला येते. मैदा, पिठीसाखर, तूप, थोडा रवा, थोडे बेसन, वेलची-जायफळ असे सामान घरून येते. पीठ बेकरीत मळले जाते, पत्र्यांवर गोळे मांडले जातात आणि डब्यावर नावाची चिठ्ठी लागते. बेकरी किलोमागे मजुरी घेते. रमजानच्या शेवटीही हेच चित्र असते, फक्त आडनावे बदलतात. त्याच भट्टीवर, त्याच कारागिरांकडून दोन्ही सणांची बिस्किटे भाजून निघतात.

ज्या घरात ओव्हन नाही त्या घराला ही सोय म्हणजे ओव्हनच आहे, आणि तोही वर्षातून एकदाच भाड्याने घेतलेला. यात दोन फायदे. एक, तूप आपले असल्याची खात्री. दुसरा, नफ्याचा मोठा भाग वाचतो, कारण बेकरीला कच्च्या मालात पैसा गुंतवावा लागत नाही आणि न खपण्याची भीतीही नसते.

हवामानाचाही यात हात आहे. नानकटाईची खुसखुस तूप आणि साखर फेटताना आत शिरणाऱ्या हवेवर अवलंबून असते. तूप दाणेदार, घट्टसर असेल तरच ती हवा टिकते. खानदेशात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा तूप तेलासारखे पातळ होते, पीठ सैल पडते आणि नानकटाई पत्र्यावर पसरून चपटी होते. दिवाळीत रात्री गार पडू लागलेल्या असतात. फराळात ती उत्तम होते, यात मुहूर्ताइतकाच थंडीचाही वाटा आहे. उन्हाळ्यात बेकरीवाले डालडा वापरायचा आग्रह धरतात, तो नेहमी पैसे वाचवण्यासाठी असतो असे नाही. वनस्पती तूप उकाड्यातही घट्ट राहते.

जीएसटी कमी झाल्याचा फायदा कोणाला?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. पेस्ट्री, केक, बिस्किटे आणि इतर बेकरी पदार्थांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. तूप आणि लोण्यावरचा १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. साध्या पावावर आधीही कर नव्हता आणि टोस्टवर आधीपासून ५ टक्केच होता. म्हणजे त्याआधी एकाच भट्टीतून निघणाऱ्या मालावर शून्य, पाच आणि अठरा असे तीन दर होते. पाव, टोस्ट, नानकटाई या क्रमाने कर चढत जाई.

दर घटल्याने छोट्या बेकरीची चांदी झाली, असे वाटणे साहजिक आहे. पण वर्षाला ४० लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या माल विक्रेत्याला जीएसटी नोंदणीची सक्तीच नाही. गावातली बहुतेक लहान भट्टी या मर्यादेच्या आत बसते, म्हणजे ती आपल्या विक्रीवर १८ टक्के कधी लावतच नव्हती. लावत होती ती पाकीटबंद बिस्किटांची कंपनी. करकपातीने पाकीट स्वस्त होते किंवा त्याच किमतीत वजन वाढते आणि सुट्या नानकटाईचा पाकिटाच्या तुलनेतला फरक कमी होतो. लहान बेकरीला मिळतो तो फायदा तुपा-लोण्याच्या खरेदीत. घरून तूप आणणाऱ्या गिऱ्हाइकाला तोच फायदा थेट मिळतो. मजुरीवर भाजून देण्याचा व्यवहार करकपातीनंतर लहान बेकरीसाठी आणखी मोलाचा झाला आहे तो यामुळे. या एका कामात पाकिटाची कंपनी तिची बरोबरी करू शकत नाही.

डालडा, पामतेल आणि दोन टक्के

बरणीतली तयार नानकटाई आणि खारी मात्र बहुतेक ठिकाणी वनस्पती तुपावर चालते आणि त्याचा भाव ठरतो परदेशात. भारत निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात करतो आणि त्यात पामतेल मोठे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या पामतेलावरचे मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के केले, मे २०२५ अखेरीस ते १० टक्क्यांवर आणले. सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्याला पहिला निर्णय हवा होता, खारी विकणाऱ्याला दुसरा. शिरपूरच्या बाजारात हे दोघे एकाच बाकावर चहा पिताना दिसू शकतात.

आरोग्याच्या बाजूने एक मोठा बदल गाजावाजा न होता झाला. जुन्या डालड्यात ट्रान्स फॅट भरपूर असे आणि ते हृदयासाठी घातक मानले जाते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातले त्याचे प्रमाण २ टक्क्यांच्या आत आणणे बंधनकारक केले. त्यामुळे आजचा नियमाप्रमाणे बनवलेला डालडा तीस वर्षांपूर्वीचा राहिलेला नाही. त्यातले संपृक्त मेद मात्र कायम आहेत. सुटा, लेबल नसलेला डबा असेल तर नियम पाळला गेला की नाही, हे समजायला मार्ग उरत नाही.

भट्ट्या बंद होणार का?

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये हवा प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबईतल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळवण्याचे निर्देश दिले. त्यानंतर पाव महागणार, या चर्चेने समाजमाध्यमे भरून गेली. तो आदेश मुंबईपुरता होता, शिरपूरच्या भट्टीला तो लागू नाही. पण वारे कोणत्या दिशेने आहे ते त्यातून कळते. लाकडाचा धूर भट्टीसमोर आठ-दहा तास उभ्या राहणाऱ्या कारागिराच्या छातीत आधी जातो, शेजाऱ्याच्या नंतर. त्यामुळे भट्टी बदलू नये असे म्हणणे सोपे नाही. बदलाचा खर्च मात्र मोठ्या शहरातल्या आणि तालुक्याच्या बेकरीला सारखा झेपत नाही. व्यावसायिक सिलिंडरचा दर दर महिन्याला बदलतो आणि नळाचा गॅस लहान गावांत सर्वत्र पोहोचलेला नाही. खानदेशात पऱ्हाट्यांना तोटा नाही, पण त्या भुर्रकन जळून जातात. भट्टीच्या भिंती तापवायला जड लाकूडच लागते.

गॅसवर गेलेल्या बेकरीत उतरत्या आचेचा हिशेब संपतो आणि प्रत्येक घाण्याचा खर्च वेगळा पडतो. मग सर्वांत आधी मजुरी वाढते ती दिवाळीच्या डब्याची, कारण लहान लहान घाणे, प्रत्येकाचे पीठ वेगळे, कोणाला जास्त भाजलेली हवी तर कोणाला पांढरी.

बेकरीत सामान नेताना

कारागीर सांगतात त्यापेक्षा तूप कमी नेले की नानकटाई कडक होते, जास्त नेले की ती पसरते. तूप वितळवून नेऊ नये. दाणेदार तूप पातळ करून पुन्हा गार केले तरी फेटताना पहिल्यासारखे फुलत नाही. मैदा पावसाळ्यापासून पडून असेल तर चाळून, ऊन दाखवून न्यावा. पिठीसाखर घरची असेल तर बारीक हवी, जाड राहिली तर वर करडे ठिपके दिसतात. आपला घाणा पहिल्या पावाच्या आचेला लागू नये म्हणून सकाळी लवकर न जाता दुपारी जाणे बरे. भट्टीतून निघालेली नानकटाई गरम असताना मऊच लागते, ती कच्ची राहिली म्हणून परत आत टाकायला सांगू नये. पत्र्यावर पूर्ण गार होऊ द्यावी आणि मगच डब्यात भरावी. गरम भरून झाकण लावले तर आतली वाफ तिच्यातच मुरते आणि चार दिवसांत ती सादळते.